डॅक : शिडीवाला की साधा? दिवाळीतल्या भागाची दुरुस्ती

आज मागे पाऊस ऐकू येईल, त्याला माझा इलाज नाही. वैभववाडीत जुलै महिन्यात पाऊस थांबायची वाट बघत बसलो तर हा भाग गणपतीतच निघेल. पडवीवर पत्रा आहे, म्हणून आतल्या खोलीत येऊन दार लावून बसलोय. बाकी तुम्ही सांभाळून घ्या.

आजचा विषय डॅक. डिजिटल आकड्यांचं पुन्हा विजेच्या चढउतारात रूपांतर करणारी वस्तू, जी वीज पुढे अॅम्पला जाते आणि स्पीकर हलवते. ह्या विषयावर मी आधी एकदा बोललो आहे, दिवाळीच्या सुमारास. तेव्हा मी नवाकोरा शिडीवाला डॅक घेतला होता, ६२,००० रुपयांचा, आणि चाळीस मिनिटं त्याचं कौतुक केलं होतं. 'टाळ आता टोचत नाहीत', 'बुवांचा गळा समोर उभा राहतो', असं बरंच काही. तो भाग अजून यादीत आहे, मी काढणार नाही. पण त्यातलं निम्मं चूक होतं, आणि ते मला कळलं एका फोनमुळे.

फोन कणकवलीहून होता. शाळेत शिकवणारे गृहस्थ, आपले नेहमीचे श्रोते. माझं ऐकून त्यांनी शिडीवाला डॅक मागवला, माझ्यापेक्षा लहान, ४२,००० रुपयांचा, तोही हप्त्यावर. फोनवर म्हणाले, "दादा, दोन महिने ऐकतंय. माझ्या जुन्या दोन हजाराच्या डोंगलात आणि ह्याच्यात माका काय फरक कळणा नाय. माझे कान खराब झाले काय?" आणि ते गंमत करत नव्हते. कान तपासून घ्यायचं त्यांनी ठरवलंसुद्धा होतं.

हप्त्यावर घेतलेल्या डब्यापायी माणसाने स्वतःच्या कानांवर संशय घ्यावा, हे मला फार लागलं. कारण माझ्या त्या चाळीस मिनिटांमागे नीट केलेली एकही तुलना नव्हती. मी नवा डबा जोडला, ऐकला, आवडला आणि बोललो. तर दिवाळीत जे करायला हवं होतं ते आता केलंय. ते सांगतोच, पण आधी हे डबे आतून वेगळे कसे आहेत ते नीट समजून घेऊ, नाहीतर पुढचं हवेत राहील.

सीडीवर आवाज कसा ठेवलेला असतो? दर सेकंदाला ४४,१०० आकडे, डाव्या बाजूचे वेगळे, उजव्याचे वेगळे. प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठलीतरी एक. डॅकचं काम एवढंच की आकडा आला की तेवढी वीज मोजून द्यायची. सेकंदाला ४४,१०० वेळा, न चुकता.

आता जुना तराजू आठवा. काजूच्या हंगामात व्यापारी पारडं टांगून बसायचा तो. समजा त्याच्याकडे सोळा मापं आहेत. पहिलं १ ग्रॅमचं, दुसरं २ ग्रॅमचं, मग ४, मग ८, असं प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. शेवटचं ३२,७६८ ग्रॅमचं, जवळजवळ ३३ किलोचं. ह्या सोळा मापांत शून्यापासून ६५,५३५ ग्रॅमपर्यंत कुठलंही वजन करता येतं. कुठली मापं ठेवायची आणि कुठली नाही, एवढंच ठरवायचं. हाच शिडीवाला डॅक. त्याला आर-टू-आर म्हणतात, कारण त्यात फक्त दोन किमतींचे रेझिस्टर असतात, एक आर आणि दुसरा त्याच्या दुप्पट. ते शिडीसारखे जोडले की प्रत्येक पायरीला वीज निम्मी होत जाते. मापं आपोआप तयार.

दिसायला सोपं आहे, करायला फार अवघड. ते ३३ किलोचं माप हजारात एका भागाने चुकलं असं धरा. किती झाले? ३३ ग्रॅम. म्हणजे १, २, ४, ८, १६ ग्रॅमची पाचही मापं त्या चुकीखाली गाडली गेली. ती ठेवली काय न ठेवली काय, सारखंच. म्हणून शिडीत मोठ्या पायऱ्यांचे रेझिस्टर भयंकर अचूक लागतात.

दुसरी अडचण अजून खोडकर. ३२,७६७ वरून ३२,७६८ वर जायचंय. फरक एका ग्रॅमचा. पण त्यासाठी पंधराच्या पंधरा छोटी मापं उचलायची आणि एक मोठं ठेवायचं. पारडं त्या क्षणी हिंदकळणारच. आणि ही जागा कुठे येते? बरोबर मध्ये. आवाजाची लाट सतत ह्या मधल्या रेषेला ओलांडत असते. मोठ्या आवाजात ते झाकलं जातं, पण तानपुरा विरत जातो तेव्हा सगळं गाणं ह्या मधल्या रेषेच्या आसपासच असतं. शिडीची खोट तिथे दिसते. ह्यावर उपाय निघाले, वरच्या आणि खालच्या अर्ध्या लाटेसाठी वेगळ्या शिड्या वापरायचे. बर-ब्राऊनच्या पीसीएम ६३ आणि पीसीएम १७०४ ह्या गाजलेल्या चिपा त्यातल्याच, आतले रेझिस्टर लेझरने तासून जुळवलेले. आता त्या बनत नाहीत. त्यांच्या नावाने बाजारात जे फिरतं त्यातलं किती खरं हा वेगळाच विषय, जुन्या चिपा घेताना सांभाळा.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला फार आवडतो. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ बाजारात आला. त्यात डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच डॅक होता! तो एकदा डावीकडचा आकडा करायचा, एकदा उजवीकडचा. त्यामुळे एक बाजू दुसरीच्या ११ मायक्रोसेकंद मागे राहायची. ऐकायला भयानक वाटतं, पण तेवढ्या वेळात आवाज चार मिलिमीटरही जात नाही. खुर्चीत मान जरा कलली तरी त्यापेक्षा जास्त फरक पडतो.

फिलिप्सची गोष्ट त्याहून मजेदार. सीडीचं माप १६ बिटचं ठरलं तेव्हा त्यांच्या हातात चिप होती १४ बिटची, टीडीए १५४०. मग त्यांच्या माणसांनी काय केलं, आकड्यांच्या मध्ये हिशोबाने नवे आकडे घातले, वेग चौपट केला, सेकंदाला १,७६,४००, आणि प्रत्येक वेळी राहिलेली चूक पुढच्या आकड्यात वळती केली. १४ बिटच्या चिपेतून १६ बिटच्या तोडीचं काम काढलं. पुढे १९८५ मध्ये त्यांची १६ बिटची टीडीए १५४१ आली. हिच्यावर लोक आजही जीव टाकतात. तिलाही सगळे शिडी म्हणतात, पण ती काटेकोर अर्थाने आर-टू-आर नाही. तिच्यात वरच्या पायऱ्यांचे विजेचे स्रोत सतत फिरवत ठेवतात, आज हा इथे, उद्या तो तिथे, म्हणजे प्रत्येकाची खोट सगळ्यांत वाटली जाते.

वेग वाढवा आणि चूक पुढे वळती करा, ही युक्ती लक्षात ठेवा. तीच टोकाला नेली की दुसरा प्रकार तयार होतो, डेल्टा-सिग्मा.

हा समजवायला मला वाण्याची वही सापडली. समजा तुम्ही रोज ७ रुपयांचं दूध घेता. ७ रुपयांत काय येतं हे विचारू नका. तुमच्याकडे फक्त दहाच्या नोटा आहेत, वाण्याकडे सुट्टे नाहीत. मग ठरलं असं की, बाकी पाच किंवा जास्त झाली की दहाची नोट द्यायची, नाहीतर काहीच नाही, आणि उरलेलं वहीत पुढे न्यायचं. पहिल्या दिवशी ७ झाले, नोट दिली, ३ रुपये तुमचे जमा. दुसऱ्या दिवशी बाकी ४, काही नाही दिलं. तिसऱ्या दिवशी ११, नोट दिली. असं दहा दिवस करा. बरोबर सात नोटा जातात. सत्तर रुपये. एकाही दिवशी ७ रुपये दिले नाहीत, पण सरासरी चोख सात.

डेल्टा-सिग्मा डॅक हेच करतो, दिवसाला नाही, सेकंदाला लाखो वेळा. त्याच्याकडे मापं मोजकीच, पण हात विलक्षण चपळ. आणि रोजची जी कमीजास्त होते, ती चूक नाहीशी होत नाही बरं का. ती वर ढकलली जाते, माणसाला ऐकू येत नाही इतक्या उंच पट्टीत. तिथून साध्या फिल्टरने ती गाळून टाकता येते. ही कल्पना काही हाय-फायवाल्यांची नाही. इनोसे, यासुदा आणि मुराकामी ह्या तिघांनी १९६२ मध्ये टोकियो विद्यापीठातून ती मांडली, दूरवरची मोजमापं पाठवण्यासाठी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फिलिप्सचं बिटस्ट्रीम आणि मात्सुशिताचं मॅश आलं आणि शिडी हळूहळू मागे पडली.

का पडली? स्वस्त म्हणून, हे खरं आहे, पण अर्धंच. सिलिकॉनवर हजारात एका भागाच्या पलीकडे अचूक रेझिस्टर बनवणं महाग, आणि सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा स्विच बनवणं सोपं. जे काम सोपं त्यावर अचूकतेचा भार टाकला. आजच्या चांगल्या चिपा, ईएसएसच्या म्हणा, एकेएमच्या म्हणा, सिरस लॉजिकच्या म्हणा, एका बिटच्या राहिलेल्या नाहीत. आत चार-पाच-सहा बिटची छोटी मापं असतात आणि तीही सारखी फिरवत ठेवलेली. फिलिप्सचीच जुनी युक्ती. म्हणजे 'शिडी विरुद्ध सिग्मा' ही मंचावर जेवढी भांडणं दिसतात तेवढी वेगळी घराणी नाहीत.

मग शिडी परत का आली? एक कारण आवड. दुसरं, २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिपा मिळेनात. काहींनी दुसऱ्या कंपनीच्या चिपा घेतल्या, आणि काही छोट्या कंपन्या तर आधीपासूनच सुटे रेझिस्टर ओळीने लावून शिड्या बनवत होत्या, त्यांच्याकडे लोकांचं जास्त लक्ष गेलं. माझा डबा त्याच वळणाचा. उघडला तर आत रेझिस्टरांची पलटणच उभी आहे. बघायला फार देखणं, हे मी आजही म्हणेन.

डब्यावर '२४ बिट' लिहिलेलं असतं त्याबद्दल एकच सांगतो. २४ बिटच्या पायऱ्या होतात १ कोटी ६७ लाख. दोन व्होल्ट बाहेर देणाऱ्या डॅकमध्ये एक पायरी येते साधारण एका मायक्रोव्होल्टचा तिसरा भाग. आणि एक किलो-ओहमचा साधा रेझिस्टर नुसता टेबलावर पडलेला असताना, केवळ उष्णतेमुळे, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून जास्त खरखर करतो. तेव्हा शेवटच्या काही पायऱ्या ना शिडीला दिसतात ना सिग्माला. आजचे सगळ्यात चांगले डॅक वीस-एकवीस बिटच्या आसपास थांबतात. सीडीला त्यातले सोळा लागतात.

आता खरी मेख. माझ्या डब्याच्या मागे एक बटण आहे. एका बाजूला ओएस, दुसऱ्या बाजूला एनओएस. ओएस म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग, मघाशी सांगितलं तसं मधले आकडे भरायचे आणि मग नीट गाळायचं. एनओएस म्हणजे ते काही करायचं नाही, आला आकडा की दे वीज, पुढचा आकडा येईपर्यंत तीच धरून ठेव. पायऱ्या-पायऱ्यांची लाट. मी डबा आल्यापासून एनओएसवर ठेवला होता, कारण एका परदेशी व्हिडिओत सांगितलं होतं की खरी शिडी तीच.

पायरी धरून ठेवण्याचा एक परिणाम असतो, आणि तो मतांचा विषय नाही, हिशोबाचा आहे. उंच स्वर उतरतात. सीडीच्या वेगाला १० किलोहर्ट्झवर पाऊण डेसिबल, १५ वर सुमारे १.७ डेसिबल आणि २० वर तीन डेसिबलहून थोडं जास्त. टाळ-झांजांची सगळी चकाकी त्याच प्रदेशात असते. मी दिवाळीत म्हटलं होतं 'टाळ टोचत नाहीत'. नाहीच टोचणार! डब्याने ट्रेबल कमी केला होता. रेझिस्टरांच्या त्या पलटणीचा त्यात काही हात नव्हता.

हे मला शक्यतेच्या पातळीवर माहीत होतं, पण खात्री करायची होती. म्हणून चाचणी. कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला घरी करता येईल.

एक लॅपटॉप, एक अॅम्प, नेहमीचे स्पीकर. एका बाजूला माझा शिडीवाला, दुसऱ्या बाजूला हजारभर रुपयांचा यूएसबी डोंगल, फोनला लावतात तो, आत साधी सिग्मा चिप. पहिलं काम आवाजाची पातळी सारखी करायची. ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्ट मोजले. आणि इथेच माझी पहिली फजिती. शिडीवाला देतो दोन व्होल्ट, डोंगल एक. म्हणजे दिवाळीत मी जी 'तुलना' केली होती, त्यात शिडीवाला सहा डेसिबल मोठा वाजत होता. सहा! तेवढ्याने कुठलाही डबा जास्त मोकळा, जास्त भारदस्त वाटतो. दोन गाड्यांची तुलना करताना एक उतारावर सोडल्यासारखं झालं. ह्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये शिडीचा आवाज उतरवत एका टक्क्याच्या आत जुळवला.

मग मध्ये चादर टांगली. चादरीमागे बायको. ती नाणं उडवणार, छापा आला तर एक डॅक, काटा आला तर दुसरा. डॅक बदलायचा नसेल तरी अॅम्पचं बटण फिरवून परत जागेवर आणायचं, म्हणजे खटक्यावरून ओळखता येऊ नये. आधी दोन्ही नावानिशी ऐकवायचे, मग तिसऱ्यांदा न सांगता, आणि आपण ओळखायचं. प्रत्येकाने सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने सोळात बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बारा ही रेघ ठरवली. ऐकायला मी, सुट्टीला आलेला सतरा वर्षांचा भाचा, आणि वाडीतले पखवाज वाजवणारे काका. गाणं म्हणजे गेल्या वर्षीच्या सप्ताहात मी स्वतः रेकॉर्ड केलेलं भजन, टाळांसकट, वीस सेकंदांचा तुकडा. तीन रात्री लागल्या. एका रात्री मध्येच वीज गेली आणि सहा फेऱ्या पुन्हा कराव्या लागल्या. बायको त्या वेळी जे म्हणाली ते इथे सांगत नाही.

शिडीवाला एनओएसवर असताना मी १६ पैकी १३ वेळा बरोबर ओळखला. भाच्याने १५ वेळा. काकांनी ८. म्हणजे फरक आहे, ऐकू येतो, मी दिवाळीत स्वप्न पाहिलं नव्हतं. काका साठीच्या पुढचे, इतके उंच स्वर त्या वयात बहुतेकांना ऐकू येत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही.

मग मागचं बटण ओएसवर टाकलं. तीच शिडी, तेच रेझिस्टर, तेच ६२,००० रुपये. मी १६ पैकी ९, भाचा ७, काका ९. नाण्याने उत्तरं दिली असती तरी एवढीच आली असती. नंतर भजनाऐवजी ख्यालाची सीडी लावून बघितली, तानपुरा विरतो ती जागा, शिडीची परीक्षा म्हणतात ती. मी आठ.

तिसरी गंमत भाच्याच्या डोक्यातून निघाली. तो म्हणाला, मामा, डोंगललाच ट्रेबल कमी करून बघूया. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये १० किलोहर्ट्झला पाऊण आणि १५ ला पावणेदोन डेसिबल असा उतार दिला, आणि शिडीवाला परत एनओएसवर. आता भाचा, ज्याने पंधरा ओळखले होते, तो सोळापैकी नऊवर आला. म्हणजे ज्या गोडव्याचं मी चाळीस मिनिटं वर्णन केलं, तो लॅपटॉपवरच्या एका सरकपट्टीत बसत होता.

काकांचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या रात्री उठताना म्हणाले, "पखवाजाक कणीक कमी लागलीहा. ती दोनय डब्यांत आयकाक येता." मी ते रेकॉर्डिंग वर्षभर ऐकतोय, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. नंतर पुन्हा ऐकलं. बरोबर आहे, डावी बाजू सुटलेली आहे.

आता ह्याचा अर्थ कुठलाही डॅक कसाही चालतो असा काढू नका. हे माझ्या घरातलं, तीन माणसांचं, दोन डब्यांचं. आणि काही फरक खरे असतात, ते सांगतो. हेडफोनवाल्यांनी डॅकपेक्षा त्याच्या पुढचा छोटा अॅम्प बघावा. ३०० ओहमचे हेडफोन डोंगलवर लावले तर आवाज पुरणार नाही. आणि कानात घालायचे दोन-तीन ड्रायव्हरवाले इअरफोन असतील तर डब्याचा आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या आठव्या भागाहून कमी असू दे, नाहीतर स्वरांचा तोलच बदलतो. काही जुन्या लॅपटॉपांच्या जॅकमधून माउस हलवला तरी किर्रकिर्र येते, तिथे साधा बाहेरचा डॅकही मोठा फरक करतो. ब्लूटूथवर ऐकत असाल तर महागडा डॅक घेऊच नका, कारण डॅक तुमच्या इअरबडच्या आत बसलेला आहे आणि फोन तिथे फक्त आकडे पाठवतोय. जिटरबद्दल बरेच जण विचारतात. आजचे यूएसबी डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतात, त्यावर झोप घालवू नका.

आणि एक आपल्या भागाचं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत डॅकचा आवाज म्हणून जे सांगितलं जातं, ते पुष्कळदा अर्थिंग असतं. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू होते. लोक केबल बदलतात, डॅक बदलतात. आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. गुणगुण गेली तर डॅक निर्दोष आहे, तो परत करू नका. तरी राहिली तर ऑप्टिकल केबलने जोडा, काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन यंत्रांचं अर्थिंग एकमेकांत गुंतत नाही. आणि मे-जूनच्या गडगडाटात सगळे प्लग काढून ठेवा. शिडी असो नाहीतर सिग्मा, विजेपुढे दोन्ही सारखे.

कणकवलीचे सर परवा रविवारी घरी आले, आपला डॅक पिशवीत घालून. त्यांच्या डब्याला एनओएसचं बटणच नाही, तो कायम ओव्हरसॅम्पलिंग करतो. म्हणजे त्यांना फरक कळत नव्हता कारण कळण्यासारखं काही नव्हतंच. चादर टांगून त्यांचीही सोळाची फेरी केली, आठ आले, आणि मी आयुष्यात कुणाला परीक्षेत निम्मे मार्क पडल्यावर इतकं खूश झालेलं पाहिलं नाही. कान उत्तम आहेत. माझ्याकडच्या एका स्पीकरचा ट्वीटर जरा दबलाय हे त्यांनी चहा पितापिता सांगितलं, आणि मोजलं तर खरंच दबलेला होता.

डबा ते विकणार आहेत. नवीन घेतलेली वस्तू, काही हजार तरी कमी येणार. त्यातले निम्मे मी देतो म्हटलं, कारण बोललो मी होतो. ते घेईनात. वाद झाला, शेवटी बायकोने निकाल दिला की पैसे घ्यायचे नसतील तर दादांनी चूक जिथे केली तिथेच सांगावी. म्हणून हा भाग. दिवाळीतल्या भागाच्या वर्णनात सगळ्यात वर ह्याचा दुवा टाकलेला आहे. माझा शिडीवाला मी ठेवतोय, आता ओएसवर आहे. विकायला गेलो तर घेणाऱ्याला हे सगळं सांगावं लागेल, आणि मग ६२,००० कोण देणार. शिवाय आतून तो देखणा आहे, ते मघाशी म्हटलंच.

माझ्या त्या भागामुळे अजून कुणी शिडीवाला घेतला असेल तर मला कळवा. परत करायची मुदत शिल्लक असेल तर आधी मागचं बटण बघा, पातळी जुळवा, चादर टांगा, आणि मग ठरवा. सर जाताना एक प्रश्न देऊन गेले आहेत, जांभ्याच्या उघड्या भिंती आणि वर कौलं असलेल्या खोलीत स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचे. पुढचा भाग त्यावर करू. त्यासाठी त्यांच्याच घरी टेप आणि मायक्रोफोन घेऊन जाणार आहे, पाऊस उघडला तर. नमस्कार.